आमची वाटचाल: एका 'डी'ने केलेला घात

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं ऑफिस म्हणजे एका फॅब्रिकेशनवाल्याच्या वरचा माळा, खाली ग्राइंडर लागला की फोन बंद. काम एकच, लॅबमधल्या इन्स्ट्रुमेंटचा डेटा लिम्समध्ये, म्हणजे लॅबच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पोचवायचा. सुरुवातीला मी आणि भाऊजी, एक सोल्डरिंग गन, केबलच्या तारा तपासायचा एक ब्रेकआउट बॉक्स आणि खरा सीरियल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप. केबलमध्ये 2 आणि 3 नंबरची पिन उलटसुलट करायची, वेग 9600 बॉड लावायचा, की निम्मी भांडणं तिथेच मिटायची. मग काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नोटाबंदीच्या वर्षी मात्र बुडायची वेळ आली. नंदेसरीच्या एका फॅक्टरीत क्यूसीला (माल तपासणाऱ्या विभागात) एक काका होते, आमचं पहिलं गिऱ्हाईक. एका सकाळी फोन, "अरे, लगेच ये, आणि चहा पिऊन ये, इथे वेळ लागेल." टेबलावर बॅलन्सचा, म्हणजे लॅबच्या वजनकाट्याचा, छापील कागद, स्टँडर्डचं (तुलनेसाठीच्या शुद्ध नमुन्याचं) वजन 0.0502 ग्रॅम, आणि लिम्समध्ये आमच्या प्रोग्रामने टाकलेलं 0.0497. म्हणजे ॲसे, मालाच्या शुद्धतेचा टक्का, 99 यायचा तो 98! चूक आमचीच. बॅलन्स स्थिर झालं की उत्तरात 'एस एस' पाठवतं, हलत असेल तर 'एस डी'. वजन स्थिर होईपर्यंत थांबणारी कमांड एसीच्या वाऱ्यात लटकायची म्हणून भाऊजींनी लगेच उत्तर देणारी 'एसआय' टाकली, आणि मी त्या उत्तरातला नुसता आकडा उचलला, अक्षरांकडे बघितलंच नाही, म्हणून 'एस डी'वालं हलतं वजनच आत गेलं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. पण तोवर आमच्याच धंद्यातल्या अहमदाबादच्या एका पार्टीने ही गोष्ट गावभर केली, "बडोदावाळाने वजन लेता नथी आवडतुं" (बडोदेवाल्यांना वजन घेता येत नाही). आणि स्वतः काय विकत होते, तर 'सगळा डेटा ट्रान्सफर होतो'! अहो, एआयए या देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये क्रोमॅटोग्राम, म्हणजे चाचणीचा आलेख, येतो, मूळ सॉफ्टवेअरची ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद) कुठे येते? 21 सीएफआर पार्ट 11 हा इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचा अमेरिकेचा 1997 चा नियम आहे, ऑडिटर तीच मागणार. तीन गिऱ्हाइकं गेली, भाऊजीही गेले (आता इन्शुरन्स करतात, दिवाळीला येतात, त्या विषयावर बोलत नाहीत).

काका राहिले. त्यांनी जुनी सगळी वजनं कागदाशी ताडून घेतली, तीन रविवार, मधे सेवउसळ त्यांच्याच खर्चाने, आणि एकही टोमणा नाही.

विचारलं नाहीत तरी सांगतो, इन्स्ट्रुमेंट घेताना पीओच्या (खरेदीच्या ऑर्डरच्या) आधी एक्सपोर्टची खरी फाइल मागा, ब्रोशर नको. जेकॅम्प-डीएक्स (स्पेक्ट्रमच्या डेटाचा फाइल-प्रकार) आहे म्हणून हुरळू नका, कॉम्प्रेस केलेली असली तर समोरच्याला वाचता येईलच असं नाही. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका, 12ई4 हा बॅच नंबर तिथे 120000 होतो आणि आकड्याच्या सुरुवातीचे शून्य गायब, नंतर आम्हाला शिव्या.

तो लॅपटॉप अजून चालतो, बॅटरी नाही फक्त. काकांचा तो कागद त्याच्या झाकणावर चिकटवलाय, थर्मल प्रिंट, आता जवळजवळ पांढरा झालाय.