पहिलं नाव पुसलं नाही तर

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये दोन हजारांहून जास्त दगडी कमानी आहेत आणि झाडून सगळे एकाच कमानीपाशी जमतात. डेलिकेट आर्च. आम्हीही तिथेच गेलो. डेन्व्हर ते मोआबचा प्रवास, हॉटेलातला गारढोण नाश्ता, दुसऱ्या दिवशीचं कॅन्यनलँड्स, यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते त्या चढावर भेटलेल्या एका बाईंबद्दल.

वाट वुल्फ रँचपासून सुरू होते. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, निम्मी उघड्या कातळावरून, सावलीच्या नावाने शून्य. सुरुवातीलाच जरा बाजूला यूट या इथल्या मूळ रहिवाशांनी खडकावर कोरलेली चित्रं आहेत. घोडेस्वार आणि मोठ्या शिंगांची रानमेंढरं. घोडे इकडे स्पॅनिशांबरोबर आले, म्हणून ही चित्रं 1650 ते 1850 या काळातली मानतात. बाबांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, दगड त्यांना कळतो. बराच वेळ बघून म्हणाले, "यांनी कोरलं ते जपायचं आणि आज कुणी कोरलं तर दंड. असं का गं?"

प्रश्न रास्त होता. दंडही लहान नाही, पाच हजार डॉलरपर्यंत आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पण ते बजावणारी पाटी वाचायला उन्हात कुणी थांबत नाही.

डेलिकेट आर्चच्या थोडं अलीकडे वाटेच्या वरच्या अंगाला फ्रेम आर्च नावाची लहान कमान आहे. तिच्यातून पलीकडची कमान चौकटीत बसवल्यासारखी दिसते, म्हणून फोटोवाले तिथे चढतात. 2016 मध्ये तिथे कुणीतरी मोठाली अक्षरं इतकी खोल कोरली, की पार्कच्या लोकांना आजूबाजूचा दगड मशीनने घासून उतरवावा लागला आणि रंग जुळवून भर घालावी लागली.

त्या बाई तिथून खाली, वाटेलगतच्या भिंतीशी गुडघे टेकून बसल्या होत्या. साठी उलटलेली असावी, अंगात स्वयंसेवकांचा शर्ट, एका हातात पाण्याची फवारणी करायची बाटली, दुसऱ्यात मऊ ब्रश. समोर दोन नावं आणि मधे बदाम. पाणी मारायचं, ब्रश हलकेच फिरवायचा, मग दगड वाळेपर्यंत नुसतं बसायचं. ओल्या दगडावर ओरखडा दिसेनासा होतो, वाळला की पुन्हा पांढरा उमटतो. मगच किती गेलं ते कळतं. बाबांनी विचारलं, तारेचा ब्रश का नाही? त्या म्हणाल्या, हा वाळूचा दगड, साध्या किल्लीनेही ओरखडतो. वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाऊन त्याचा वरचा थर गडद झालेला असतो. तारेने तो निघाला तर नाव जाईल, पण नावापेक्षा मोठा फिकट डाग राहील. वरवरचं जातं. खोल गेलेलं राहतं.

तेवढ्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा हातात खडा घेऊन भिंतीपाशी आला. नावं दिसली, म्हणून त्यालाही आपलं लिहायचं होतं. बाई ओरडल्या नाहीत. भिंतीखाली सांडलेली वाळू त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, ही आत्ताच या भिंतीतून निघाली, परत चिकटवता येत नाही. पोराने खडा टाकून दिला. नाव एकटं राहत नाही, हे त्यांनी मग आम्हाला सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये रॅटलस्नेक कॅन्यन या दरीत सुरुवात अशीच थोड्याशा खुणांनी झाली, फोटो फेसबुकवर फिरले, बघून आणखी लोकांनी रंगवलं आणि 2013 मध्ये तो भागच काही काळ बंद करावा लागला. म्हणून पहिलं नाव दिसताक्षणी पुसायचं.

बाबांनी त्यांनाही आपला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ती माणसं इथली होती, त्यांनी आपलं जगणं कोरलं. आता वर्षाला साधारण 15 लाख माणसं येतात. हजारातल्या एकाने कोरलं तरी दीड हजार नावं.

हे ऐकताना मला आपले गड आठवत होते. कातळावर ऑइलपेंटने लिहिलेली नावं, वर तारीख, कधी मंडळाचं नाव. ती काढायला पोरं सुट्टीच्या दिवशी डबे-ब्रश घेऊन चढतात, याचं मला फार कौतुक आहे. पण थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन कुठल्याही दगडाला भिडू नये, आधी जाणकाराला विचारावं, असं आता कळकळीने सांगावंसं वाटतं. आणि लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. इतका चढ चढून जी जागा बघायला आलात, तीच खराब करून जाता?

निघताना बाईंनी एक बजावलं. अशा नावांचे फोटो कुठेही टाकू नका, लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि व्हिजिटर सेंटरमध्ये दाखवा. बाबांनी चढताना दिसलेल्या दुसऱ्या एका नावाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संतापून टाकला होता. तो तिथेच उभ्याउभ्या डिलीट केला. खाली आल्यावर रेंजरला दाखवला. त्याने नकाशावर जागा मांडून घेतली आणि विचारलं, ओरखडा बोटाला लागतो की नुसता दिसतो?

"लागतो," बाबा म्हणाले. त्याने तेही लिहून घेतलं.