आधी वहिनींना विचारा

बाईंनी काउंटरवर खोका ठेवला आणि वरचं चित्र पाहूनच मला कळलं, हा इथं चालायचा नाही. त्यांच्या भाच्याने अमेरिकेहून आणलेला बिनतारी अलार्मचा संच होता. मुख्य पॅनेल म्हणजे सगळ्यांचं ऐकून सायरन वाजवणारा डबा, दारांना लावायचे सेन्सर, हालचाल ओळखणारा एक मोशन सेन्सर आणि आकडे दाबायचा कीपॅड. कुणालाही न बोलावता घरच्या घरी बसवता येतो, असं भाच्याने सांगितलं होतं, आणि तिकडे ते खरंही आहे. पण या संचातले सेन्सर पॅनेलशी बोलतात ते ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपल्याकडे रेडिओ लहरींचा तो पट्टा मोबाईल कंपन्यांचा. अशा छोट्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय मोकळा असतो तो ४३३ चा पट्टा किंवा ८६५ ते ८६८ चा. शिवाय हा संच चालणार इंटरनेटवर, आणि बाईंचं गाव दापोलीपासून बरंच आत, खाडीच्या अंगाला. तिथे फोनला रेंज मिळाली तरी लोक खूश असतात.

"मग तुझ्याकडचा दे," बाई म्हणाल्या. "पण बसवणार मी. तू नुसती शेजारी उभी राहा. ऐन पावसाळ्यात सेल संपले तर तुला कुठे शोधत बसू?"

बाई डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं. आमच्या दुकानातून इन्व्हर्टर, कॅमेरे, अलार्म असं सगळं जातं, आणि बंद पडलेल्या अलार्मांपैकी बहुतेक मालकाला साधा सेल बदलता न आल्यामुळे बंद पडलेले असतात. स्वतःच्या हाताने बसवलेली वस्तू माणूस स्वतःच्या हाताने उघडायला घाबरत नाही.

आमच्याकडे अलार्म लागतो तो मुख्यतः बंद घरांना. शिमगा, मे महिना आणि गणपती, एवढ्यापुरती दारं उघडतात, बाकी वर्षभर कुलूप. चोराला रोकड-दागिने मिळत नाहीत. तो नेतो विहिरीवरचा पंप, गॅसचं सिलिंडर, न्हाणीघरातला तांब्याचा बंब, माळ्यावरची पितळेची पातेली. बाईंच्या आजेसासूबाईंचा बंब आदल्या पावसाळ्यात असाच गेला होता, आणि कळलं ते गणपतीला घर उघडल्यावर.

निवड करताना आम्ही वायफायवरचे सगळे संच आधीच बाजूला काढले. त्याला कारण विजेचं. आमच्याकडे जून-जुलैत लाइन गेली की कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही. राउटर बारा व्होल्टवर अर्धा-एक अँपिअर खातो. सात अँपिअर-तासांची बॅटरी त्याला एक रात्र जेमतेम पुरेल. सिमकार्डावर चालणारं पॅनेल नुसतं पहारा देत असताना साधारण शंभर मिलिअँपिअर घेतं. सातला शून्य पूर्णांक एकने भागा, म्हणजे कागदावर सत्तर तास. बॅटरी जुनी होते, म्हणून मी दोन दिवस धरते. पॅनेल फोरजी घेतलं, म्हणजे सिम कुठल्याही कंपनीचं चालतं. स्वस्तातली टूजी पॅनेल अजून विकली जातात, पण त्यात जिओचं कार्ड चालत नाही, आणि ज्या गावात फक्त जिओची रेंज आहे तिथे ती निरुपयोगी. सेन्सर दुतर्फा बोलणारे घेतले. ठरावीक वेळाने ते पॅनेलला 'मी आहे' असं कळवतात, त्यामुळे एखादा मेला तर समजतं. स्वस्तातला एकतर्फी सेन्सर मेला की गप्प बसतो, आणि गप्प बसणं तर त्याचं रोजचंच काम.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक चाकरमान्याला विचारते. घर बंद करून निघताना शेवटचं काम कोणतं करता? उत्तर ठरलेलं: मेन स्विच खाली ओढतो. विजा, शॉर्टसर्किट यांच्या धास्तीने ते योग्यच आहे, पण मग अलार्मची बॅटरी तिसऱ्या दिवशी संपते आणि पुढचे चार महिने भिंतीवर नुसता डबा लटकतो. म्हणून मेन स्विचच्या आधी अलार्मपुरता वेगळा एमसीबी, म्हणजे जादा वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच, टाकून घेतला. एवढ्याच कामाला मी बाईंना हात लावू दिला नाही. आमचा वायरमन आदल्या दिवशी जाऊन ते करून आला.

सकाळी पोचले तेव्हा बाई ड्रिल मशीन हातात घेऊन तयार. घर चिऱ्याचं, दीड फूट जाडीच्या भिंती, वर कौलं. चिऱ्यात भोक सहज पडतं, पण तांबडी माती भुरभुरत राहते आणि प्लॅस्टिकचा प्लग आत फिरतो. म्हणून शक्य तिथे लाकडी खांबावर आणि चौकटीवरच स्क्रू मारायचे ठरवले. पॅनेलची जागा आम्ही फोन हातात घेऊन शोधली. माजघरात रेंजची एकही काडी नाही, कोठीच्या खोलीत गजांच्या खिडकीजवळ तीन. तिथेच, बाहेरून दिसणार नाही अशा बाजूला पॅनेल लागलं.

मागचं दार फणसाच्या लाकडाचं, दोन फळ्यांचं. सेन्सरचा मोठा भाग एका फळीवर, चुंबक दुसरीवर. आत काचेच्या नळीत दोन बारीक लोखंडी पात्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या चिकटलेल्या राहतात, दूर गेला की सुटतात. बाईंनी तो भाग उघडून, चष्मा कपाळावर सारून, चुंबक मागेपुढे करत त्या पात्या हलताना पाहिल्या. "हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढलं," म्हणाल्या, "हातात आज घेतलं." पावसात हे दार फुगतं, मग फट कमी-जास्त होते. म्हणून चुंबकाखाली लाकडाची चीप घालून अंतर सेंटिमीटरच्या आत आणलं. सोबत आलेली दुतोंडी चिकटपट्टी फेकून दिली. तेल पाजलेल्या लाकडावर ती पहिल्या पावसाळ्यातच सुटते. स्क्रूची भोकं आणि डब्याच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या, नाहीतर आत मुंग्या घर करतात.

पण दारावर भिस्त ठेवून आमच्याकडे भागत नाही, कारण चोर कौलं सरकवून उतरतो. तेव्हा कुठूनही उतरला तरी जिथून जावंच लागेल अशी जागा हवी, आणि ती म्हणजे माजघर. मोशन सेन्सर भिंतीवर सात फुटांवर लावायचा, आणि माणूस त्याच्याकडे चालत येण्याऐवजी त्याच्या नजरेसमोरून आडवा जाईल असा. अंगाची ऊब त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला कळतं. समोरून हळू येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. बाईंनी तो देवघराशेजारच्या भिंतीवर लावला, दुसरा माळ्यावर.

मग फोन नंबर भरायची वेळ आली. बाईंनी वहीत यादी करून आणली होती: त्या स्वतः, पुण्याचा मुलगा, ठाण्याचा भाऊ, अमेरिकेतला भाचा.

"बाई, यातलं कुणी इथं किती वेळात पोचेल?"

त्या थांबल्या. "शेजारच्या वहिनींचा घालू. किल्ली तिच्याकडेच असते."

"त्यांना विचारलंय?"

"विचारायचं काय त्यात? ती कधी नाही म्हणत नाही."

मी पॅनेल तसंच उघडं ठेवलं आणि म्हटलं, आधी त्यांना विचारू.

वहिनी खळ्यात कोकमाची सालं वाळत घालत होत्या, हात मनगटापर्यंत लालभडक. त्या वाडीत बारा महिने उघडं असतं ते त्यांचंच घर. पडवीतल्या खांबाला खिळ्यांवर पाच घरांच्या किल्ल्यांचे जुडगे, ओळखायला प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. वहिनींनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"काकी, यंत्र चांगलंच असेल. पण ते वाजलं की धावायचं कुणी? मीच ना? रात्री दोन वाजता? घरात म्हातारी सासू, पोर आठवीत, हे मुंबईला. आत खरंच चोर असला तर मी काय करू?" मग जरा वेळाने, "पाच घरांचं बघते मी. कुणाची टाकी भरायची, कुणाच्या मीटरचा फोटो धाडायचा, कुणाच्या कौलांवर झावळ पडली की ती दाखवायची. मी नाही म्हणत नाही, काकी. पण मला कुणी विचारत नाही. सांगतात."

बाई खळ्याच्या कडेला बसल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, "आता विचारते. तू सांग, कसं हवं."

माझ्या धंद्यात मी पुष्कळ माहितीपत्रकं वाचलीत. सायरन किती डेसिबलचा, रेंज किती मीटरची, सगळं असतं त्यात. त्या अर्ध्या तासात वहिनींनी जे विचारलं ते एकाही पत्रकात नाही. मांजरासाठी फोन येता कामा नये. आलेला फोन कुठल्या घराचा ते पहिल्या शब्दात कळलं पाहिजे. मी घरात शिरणार नाही. आणि हे सगळं फुकटात नाही.

त्यावर आम्ही बसवलेलं पुन्हा उकललं. माळ्यावरचा सेन्सर काढलाच, कारण वहिनी म्हणाल्या, फणस पिकले की माळ्यावर रोज रात्री उदमांजर फिरतं. माजघरातल्या सेन्सरची पल्स सेटिंग एकवरून दोनवर नेली, म्हणजे एका हालचालीने तो ओरडणार नाही. पॅनेलच्या मेसेजपेक्षा फोन बरा, असं वहिनींचं मत. पॅनेलमध्ये दहा सेकंदांचा आवाज भरता येतो. बाईंनी शिकवणीच्या खणखणीत आवाजात भरलं: "खालच्या आळीतलं बाईंचं घर. अलार्म झालाय. आत जाऊ नकोस." नंबरांचा क्रम वहिनी, मग पोलीस पाटील, मग बाई. वहिनींनी करायचं एवढंच: अंगणातला दिवा लावायचा, दार आतून बंद ठेवायचं आणि ११२ ला फोन करायचा. इकडचे अलार्म पोलीस ठाण्याला जोडलेले नसतात. कुणीतरी माणसाने फोन करावाच लागतो.

जेवणानंतर अलार्म चालू करून आम्ही दोघी ओटीवर बसलो. तीन वाजून गेले आणि सायरन ठणाणला. आत कुणी नाही. बंद केला, चालू केला, पाच मिनिटांत पुन्हा तेच. मी सेन्सरचं झाकण काढून पाहिलं, कोळी नाही, पाल नाही. बाईंनी जवळपासची सगळी दारं पाहिली. तेवढ्यात सायरन ऐकून वहिनी आल्या, माजघरात उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "काचेचं कौल."

छपराच्या पश्चिमेच्या पाखीत, म्हणजे उतरत्या बाजूत, उजेडासाठी एक काचेचं कौल बसवलेलं. त्यातून उतरलेला उन्हाचा तिरपा पट्टा बरोबर सेन्सरच्या तोंडावर आला होता, आणि वर माडाची झावळ वाऱ्याने हलली की तो पट्टा विझत होता, पेटत होता. सेन्सरला ते उबेचं येणंजाणंच. "या दिवसांत तीन वाजले की देवघराच्या भिंतीवर ऊन येतंच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दुपारी झोपता, काकी." बाईंनी लगेच शिडी ओढली. सेन्सर समोरच्या बाजूला, त्या कौलाच्याच खालच्या खांबावर गेला. आता ऊन त्याच्या पाठीमागून जातं. संध्याकाळपर्यंत एकदाही खोटा वाजला नाही. भर दुपारी माजघर तापलेलं असतानाही चालून पाहिलं, कारण खोली आणि अंग सारखंच गरम झालं की हे सेन्सर मंदावतात. पकडलं त्याने, थोडं उशिरा.

निघायच्या आधी बाईंनी मला विचारलं, संचात दोन रिमोट का आहेत? एक घरच्यांना, एक जादा. त्यावर संकटाचं लाल बटण असतं. अलार्म बंद असला तरी ते दाबलं की सायरन वाजतो आणि सगळे फोन जातात. बाईंनी तो दुसरा रिमोट वहिनींच्या हातात ठेवला. "तुझ्या घरात काही झालं, सासूबाई पडल्या, कुणी दाराशी आलं, तर हे दाब. माझं घर ओरडेल."

वहिनींनी पडवीतून दाबून पाहिलं, काही नाही. मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती. मागच्या खोलीतून नाही. खळ्यातून वाजलं. तसं पुरेसं नव्हतं, रात्री संकटात खळ्यात कोण येणार? म्हणून दुकानातून रिपीटर, म्हणजे रिमोटचा संदेश पुढे पोचवणारा डबा, आणून पुढच्या आठवड्यात वहिनींच्या ओटीवरच्या तुळईला लावून आले. आता अंथरुणातून दाबलं तरी वाजतं. त्या चाचणीला वरच्या वाडीतली चार माणसं आणि पोलीस पाटील धावत आले, त्या चौघांचेही नंबर वहीत गेले. महिन्याला वहिनींना काय द्यायचं ते त्या दोघींनी आपसात ठरवलं. सिमचं रिचार्ज वहिनी करतात आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अलार्म वाजवून पाहतात.

वहिनींकडे किल्ल्या असलेल्या उरलेल्या चार घरांपैकी दोघांचे फोन मला येऊन गेले, तसलाच संच हवा म्हणून. मी दोघांनाही पॅनेलची किंमत सांगितलेली नाही. वहिनींचा नंबर दिला आहे, आणि त्या काय म्हणतात ते कळवा असं सांगितलं आहे.