दुसरी उचल

बीडमधील एका इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात ग्राहकांना हप्त्यांवर कर्ज मंजूर करून देण्याचे काम मी करतो. धनत्रयोदशीला ठरलेले टार्गेट पूर्ण व्हायला तीन फायली उरल्या असताना एक ऊसतोड जोडपे ४३ इंची टीव्ही घेण्यासाठी माझ्यासमोर येऊन बसले.

कागदपत्रे ठीक होती. पहिला भरणा ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाने दिलेल्या उचलीतून होणार होता. उचल म्हणजे काय, हे इकडे कोणाला सांगावे लागत नाही; नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि आगाऊ घेतलेली मजुरीची रक्कम ऊस तोडून फिटेपर्यंत सुटका नाही. दिवाळी होताच दोघे कारखान्यावर निघणार होते आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणार होते.

मी मूळचा बेथेलचा, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतला. आदल्या रविवारी उपासनेत फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचला गेला होता. बंदिवासातला पौल तेथे आपण संतुष्ट राहायला ‘शिकलो’ असे लिहितो. प्रेषितालाही समाधान शिकावे लागले, हे माझ्या मनातून जात नव्हते.

मी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला: ‘शून्य टक्के व्याज’ घेतल्यास रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, आणि हंगामात खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर प्रत्येक वेळी दंड. गरिबाने हौस करू नये, असे मला मुळीच वाटत नाही. परंतु घेणाऱ्याला पूर्ण आकडा ठाऊक असावा. बाई कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी ही दुसरी उचलच की, साहेब.”

कोपीत लावायला एक चार्जिंगची बॅटरी रोखीने घेऊन ते गेले. माझे टार्गेट राहिले आणि वरिष्ठांची बोलणी बसली.

घरी येऊन त्याच कागदावर मी माझे हप्ते लिहिले: मोबाइल, फ्रिज, मोटारसायकल. मोबाइल चांगला चालत असूनही टार्गेटच्या पैशांतून मी नवा घेणार होतो. वर्षभर टार्गेटसाठी प्रार्थना करणारा मी त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्या दोघांचा हंगाम सुखरूप पार पडावा एवढेच मागितले, आणि पुढ्यातल्या भाकरीबद्दल आभार मानताना घाई केली नाही.