तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर वाढू नये यासाठी काय सोडायचं?

आहाराचा सल्ला घ्यायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो. विचारताना त्यांच्या मनात पदार्थांची यादी असते. माझं पहिलं उत्तर मात्र पदार्थाचं नसतं. जेवल्याजेवल्या बसून राहणं आधी सोडा.

कारण सांगते. जेवणानंतर रक्तातली साखर चढते आणि साधारण तासाभरात सर्वांत वर पोचते. ती उचलून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. एरवी स्नायूंच्या पेशींचं दार इन्सुलिनने उघडावं लागतं. पण तुम्ही चालत असलात, स्नायू काम करत असले, की इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत जाते. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी झालाय, त्यांच्यासाठी हा केवढा दिलासा आहे! म्हणून जेवून उठलात की दहा-पंधरा मिनिटं चाला. दमछाक नको, गप्पा मारता येतील इतपतच. बाहेर पडता येत नसेल तर घरातल्या घरात, फोनवर बोलता बोलता. सकाळी तासभर व्यायाम करून उरलेला दिवस खुर्चीत काढणारे मला बरेच भेटतात. तो व्यायाम हवाच, पण जेवणानंतर साखर चढते तेव्हा ते बसलेलेच असतात.

दुसरी सवय साखर पिण्याची. घरी काढलेला फळांचा रसही त्यातच आला, हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं. फळ चावून खाल्लं की त्यातल्या चोथ्यामुळे साखर हळूहळू रक्तात येते, पोटही भरतं. रस गाळताना आपण नेमका तो चोथाच टाकून देतो. वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमल्यास 5 टक्क्यांपेक्षाही कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. एका मोठ्या ग्लासभर गोड पेयात तेवढी सहज संपते.

रात्री उशिरा भरपेट जेवणं आणि अपुरी झोप या सवयी बहुधा जोडीनेच येतात. झोप कमी पडली की इन्सुलिनचा परिणाम घटतो आणि दुसऱ्या दिवशी भूकही जास्त लागते. धूम्रपानानेही मधुमेहाचा धोका वाढतो. तिथे थोडंसं चालेल का, याला माझं उत्तर नाही असंच आहे.

आणखी एक सवय मला फार खटकते: ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवून देणं. उपाशीपोटी रक्तातली साखर 100 ते 125 (मिग्रॅ/डेसिलिटर) ही मधुमेहपूर्व स्थिती असते आणि सुधारायला हीच उत्तम वेळ. अमेरिकेत अशा धोक्यातल्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. वजन सुमारे 7 टक्के उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत ते 31 टक्क्यांनी घटलं होतं.

तुम्ही आधीच इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल, तर जेवण टाळून साखर उतरवायला जाऊ नका. काही औषधांवर उपाशी राहिलं तर ती धोकादायक इतकी खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच साखर घ्या. त्या वेळी गोड प्यायलाच हवं. मग डॉक्टरांना कळवा.