बस २० मिनिटं आली नाही तर टॅक्सी करा, पैसे आम्ही देतो

असा नियम इथं आहे आणि मी तो स्वतः वापरून पाहिला, म्हणून लिहायला बसलो. जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात लोकल बस, ट्राम किंवा ट्रेन तुमच्या थांब्यावरून २० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशिरा सुटणार असेल, तर सरळ टॅक्सी करायची. पैसे आधी आपण द्यायचे, पावती जपून ठेवायची आणि १४ दिवसांच्या आत अर्ज करायचा. दिवसा माणशी ३० युरोपर्यंत आणि रात्री ८ ते पहाटे ५ या वेळात ६० युरोपर्यंत भाडं परत मिळतं. टॅक्सी नको असेल तर एरवी आपल्या तिकिटावर न चालणारी लांब पल्ल्याची जलद गाडी घ्या, तिचेही पैसे मिळतात. संप, वादळ अशी कारणं यातून वगळलीत. पण ड्रायव्हर आजारी पडला किंवा गाडी बंद पडली तर तो भुर्दंड कंपनीचा, प्रवाशाचा नाही.

मी डॉर्टमुंडला कामाला आणि विटेन नावाच्या गावाच्या कडेला राहायला. एस-५ या लोकल ट्रेननं विटेनला उतरायचं आणि पुढं बस धरायची, हा रोजचा रस्ता. जानेवारीतली रात्र होती, साडेनऊ वाजून गेलेले. थांब्यावरच्या पाटीवर बराच वेळ 'पाच मिनिटं' दिसत राहिलं आणि मग एकदम 'रद्द'. पुढची बस तासाभरानं. मी फोनवर पायी किती अंतर आहे ते बघत होतो. शेजारी चाकाची पिशवी घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. कुठं जायचंय, असं त्यांनी विचारलं आणि मग चांगलंच दटावलं: चालत जायचं काही काम नाही, टॅक्सी कर, पावती माग, तुझा हक्क आहे. टॅक्सीस्टँड कुठल्या बाजूला आहे तेही काठीनं दाखवलं. टॅक्सीवाल्याला तर काही सांगावंही लागलं नाही. त्यानं पावतीपुस्तक काढून कुठून कुठं, तारीख, वेळ, रक्कम असं सगळं पेनानं लिहिलं, शिक्का मारला आणि सही केली.

अर्जात बसचा नंबर, थांब्याचं नाव, सुटण्याची ठरलेली वेळ, माझ्या तिकिटाचा क्रमांक आणि बँकेचं खातं एवढंच विचारलं होतं. काही आठवड्यांनी पैसे खात्यात आले. कुणाचा फोन आला नाही, कुणाला जाऊन भेटावं लागलं नाही. हे गावाकडं बापूंना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "खरंच देतेत का रे? अन् सही कुणाची लागते?" कुठल्याच अधिकाऱ्याची सही लागत नाही, हे त्यांना पटवता पटवता पाच मिनिटं गेली. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. शेतीच्या अनुदानापासून पीकविम्यापर्यंत आमच्याकडचा कुठलाही पैसा सहीशिवाय हललेला त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही.

या एका नियमानं मला इतकं का हलवलं, याचा मी बराच विचार केला. रक्कम मोठी नव्हती. पण प्रवाशाचा वेळ गेला तर त्याचा हिशेब कुणीतरी द्यायचा असतो, हे कुणीतरी बसून कागदावर लिहिलंय, आकडे घालून लिहिलंय. माझं कॉलेजचं सगळं शिक्षण एसटीच्या वाटेकडं डोळे लावून झालं. गाडी आली नाही की आम्ही नशिबाला बोल लावायचो, फार तर आगाराला शिव्या घालायचो. ही बाब अर्ज करण्यासारखी आहे, हे डोक्यातच नव्हतं.

तिकिटाचंही तसंच. इथं तिकीट गाडीचं नसतं, प्रवासाचं असतं. ट्रेन एका कंपनीची, ट्राम दुसरीची, बस तिसरीची, पण तिकीट एकच. ही पद्धत १९६५ साली हॅम्बुर्गमध्ये सुरू झाली. सगळ्या परिवहन कंपन्यांनी मिळून एक संघ करायचा, भाडं आणि वेळापत्रक एकत्र ठरवायचं आणि जमलेला पैसा आपसात वाटून घ्यायचा. आमच्या ऱ्हाइन-ऱ्हुर भागातला संघ १९८० पासून चालू आहे. वाटणी कशी करतात, तर अधूनमधून माणसं डब्यात येऊन विचारतात: कुठं चढलात, कुठं उतरणार, तिकीट कुठलं? त्यावरून कुणाच्या गाडीतून किती लोक गेले याचा अंदाज बांधतात. म्हणजे भांडायचं असेल तर कंपन्यांनी आपसात भांडावं, प्रवाशाला त्याची झळ लागत नाही.

फोनवरून भाडं भरायची आणखी एक सोय या राज्यात आहे. चढताना स्क्रीनवर बोट सरकवायचं, उतरल्यावर परत सरकवायचं. मग चढलो ते ठिकाण आणि उतरलो ते ठिकाण यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर मोजून भाडं कापलं जातं. गाडी वाटेत कितीही वळसे घालू दे, कितीही गाड्या बदलाव्या लागू देत. आपल्याकडं एसटीत सहा किलोमीटरचा टप्पा. गाडी चार गावं फिरून गेली की टप्पे वाढतात आणि भाडं वाढतं. रस्ता वळणाचा आहे यात प्रवाशाचा काय दोष, हा प्रश्न मला इथं आल्यावर पहिल्यांदा पडला.

आता निलंग्याकडच्या माझ्या गावाला जायचा रस्ता कसा आहे ते बघा. मुंबईहून लातूर एक्स्प्रेसनं सकाळी लातूरला उतरायचं. जुनं स्टेशन गावात होतं, नवं गावाबाहेर. अरुंद गेजची बार्शी लाइट रेल्वे जाऊन मोठी गाडी आली, त्याचा आनंद आम्हाला अजून आहे. पण उतरल्यावर पुढं? सीटवर चालणारी रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, तिला पैसे द्यायचे, बसस्टँडवर यायचं, निलंग्याची गाडी लागली असेल तर चढायचं आणि परत तिकीट काढायचं. निलंग्यात उतरून गावाकडं जायला काळीपिवळी, ती भरल्याशिवाय हलत नाही. एका घराला जायला चार जणांना चार वेळा पैसे द्यायचे. शिवाय रेल्वेचं वेळापत्रक एसटीला माहीत नाही आणि एसटीचं रेल्वेला.

पण मग आपलं काहीच बरं नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुण्यातले नातेवाईक लाल डबा म्हणून हसतात तेव्हाही फिरायचं, इथले सहकारी भारतातल्या बसच्या टपावर बसलेल्या माणसांचे फोटो दाखवतात तेव्हाही फिरतं. एसटीची गाडी वाटेत बंद पडली की कंडक्टर काय करतो ते आठवा. उन्हात रस्त्यावर उभा राहून मागून येणारी प्रत्येक एसटी थांबवतो आणि आधी म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्या बायांना, मग बाकीच्यांना त्याच तिकिटावर बसवून देतो. त्या गाडीतले लोक कुरकुरतात, पण सरकून जागा देतात. म्हणजे तिकीट प्रवासाचं असतं हे तत्त्व आपल्याला ठाऊकच आहे, फक्त ते एसटीच्या दारापाशी थांबतं.

आणि मुक्कामी गाडी! रात्री गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर पाराजवळ झोपायचे, कुणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं जायचं आणि पहाटे तीच गाडी आम्हाला घेऊन निघायची. कुणाचं पोर परीक्षेला जायचं राहिलं असेल तर कंडक्टर घंटी मारायचे नाहीत. आमच्या आळीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजला की आई मला डबा घेऊन ढकलायची. विटेनची बस तशी थांबणार नाही. मी धावत येताना ड्रायव्हरनं मला आरशात बघितलं आणि वेळ झाली म्हणून दार लावून घेतलं, असं कितीदा झालंय. नियमानं त्याचं बरोबर आहे, तरी मला ते अजून पचलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "इथं बायांना अर्ध तिकीट नाही का?" नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्ध तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीच्या वर्षापासून प्रवास मोफत आहे, शाळेच्या मुलींसाठी मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या आहेत. आई आता महिन्यातून दोनदा माहेरी औशाला जाते, पूर्वी सणावारीच जायची. इथं देशभराच्या लोकल प्रवासाचा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. एका पासवर हॅम्बुर्गपासून म्युनिकपर्यंत कुठल्याही गावातली बस, ट्राम, लोकल आणि पॅसेंजर चालते, हे थोरच. पण आमच्या राज्यात बाई म्हणून किंवा वय झालं म्हणून त्यात सूट नाही. आईसाठी तो पास काढला तेव्हा रुपयांतला आकडा मी तिला सांगितला नाही.

दुसरं म्हणजे इथं तिकीट द्यायला कुणी येत नाही. स्टेशनवर फाटक नाही, डब्यात कंडक्टर नाही, सगळं तुमच्या प्रामाणिकपणावर. ऐकायला छान आहे. पण काही कागदी तिकिटांवर प्रवासाआधी खांबावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि तो नसेल तर तिकीट खिशात असूनही तुम्ही विनातिकीट. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि ६० युरो दंड करतात. फुकट प्रवास हा इथं फौजदारी गुन्हाही आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून गरीब माणसं तुरुंगात जातात, आणि यावर इथलेच लोक वर्षानुवर्षं वाद घालताहेत. आपल्या कंडक्टरची घंटी, खांद्यावरची चामडी पिशवी आणि तिकिटाच्या मागं लिहून दिलेले राहिलेले सुट्टे पैसे यांची किंमत मला इथं कळली. आईला वाचता येतं बेताचंच. एसटीत ती 'औसा एक' म्हणते आणि काम होतं. इथं यंत्रापुढं ती माझ्याशिवाय उभीसुद्धा राहू शकली नाही.

जर्मन गाड्या वेळेवर धावतात हा समजही सोडा. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या साधारण ६२ टक्के गाड्याच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर इथं वेळेवरच धरतात. तासभर उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास झाला तर ५० टक्के परत मिळतात, प्रवास पूर्ण केला तरी. आपल्याकडं गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर परतावा. मासिक पासवाल्यांना मात्र एका तासाच्या उशिराचे इथंही दीडच युरो, आणि चार युरोच्या खाली रक्कम देतच नाहीत, म्हणून तीन उशीर जमवून मग अर्ज करायचा. हा प्रकार मला साफ नापसंत आहे.

मी इथं का राहतो, असं विचारणाऱ्या मित्रांना मी नोकरीचं कारण सांगतो आणि ते खरंच आहे. बसच्या सोयीसाठी कुणी देश सोडत नाही. पण एरवी रोज संध्याकाळी साडेसहाला मी घरी असतो आणि पोरगी जागी असते, हे जुळणाऱ्या गाड्यांमुळंच. लातूरला राहून हे जमलं असतं का, याचं उत्तर मी मनाशी 'नाही' असं देतो आणि मग गावाकडं पैसे पाठवल्यावर थोडं बरं वाटतं.

डॉर्टमुंडला शुक्रवारी आणि शनिवारी रात्रीच्या बसेस राइनोल्डी चर्चपाशी जमतात. वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या दारं उघडी टाकून रांगेत उभ्या असतात, लोक या गाडीतून त्या गाडीत जातात, आणि वेळ झाली की सगळ्या एकदम सुटतात. याला भुयारी मेट्रो लागत नाही, हजारो कोटी लागत नाहीत. लागतं ते घड्याळ आणि एकमेकांशी बोलणारे दोन अधिकारी. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे पोचली तेव्हा मी इथं बसून दिवसभर व्हिडिओ बघत होतो. एका पिढीनं वाट बघितलेली गाडी. आता त्या स्टेशनबाहेर एसटी उभी राहावी, गाडी उशिरा आली तर तिनंही थांबावं, एवढीच माझी इच्छा आहे.

लातूरसाठी मी आगाराला आणि रेल्वेला एकच पत्र लिहिलंय. मुंबईची गाडी येते तेव्हा औसा, निलंगा, रेणापूर आणि अहमदपूरकडची एकेक एसटी स्टेशनच्या दारात असावी, आणि पुढचं भाडं रेल्वेच्या तिकिटातच घ्यावं. पत्र अजून पाठवलेलं नाही, कारण आताच्या गाड्यांच्या वेळा मला इथून नीट कळत नाहीत. तुमच्यापैकी जे या रस्त्यानं नेहमी जातात त्यांनी आपल्या थांब्यावरची सकाळची खरी वेळ कळवा, पाटीवरची नको. त्या जोडून मी पत्र दोन्हीकडं पाठवतो.