शिरोली की शिरोळ

बुधवार, रात्री उशिरा

काल रात्री जनसंवादाच्या वर्गाच्या अंतर्गत चाचणीचे पेपर तपासले. अकराच पेपर. एवढे थोडे असतात म्हणून मी ते सावकाश, नीट वाचते, असं मला कालपर्यंत वाटत होतं.

प्रश्न माझा नेहमीचाच होता. लासवेल या अमेरिकी अभ्यासकाचं प्रारूप आपत्तीच्या काळातल्या संवादाला लावून दाखवा. कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि परिणाम काय होतो. १९४८ साली मांडलेले पाच साधे प्रश्न. पहिल्या सत्रात सगळ्यांना हे जमतं, कारण आपल्याकडे कोल्हापुरात पूर असतो आणि उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. एका मुलाचं उत्तर तर देखणं होतं. ठळक मथळे, खाली पट्टीने मारलेल्या रेघा, शेवटी आकृती. मी दहापैकी आठ दिले, समासात ‘छान’ लिहिलं आणि पुढचा पेपर घेतला.

गठ्ठा बांधताना नेमकं तेच पान वर आलं.

‘ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ येथे रस्त्यावर पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिला.’

शिरोळ? महामार्ग शिरोलीवरून जातो. पुलाची शिरोली. शिरोळ राहिलं पार तिकडे कृष्णेच्या अंगाला, त्या महामार्गाचा आणि शिरोळचा काय संबंध! लाल पेनाने गोल करायला गेले आणि हात थांबला. ती ओळ ओळखीची वाटली. लॅपटॉप उघडला, नोट्सची फाईल काढली. पान सहा. माझंच वाक्य, शब्दाला शब्द. चूकही माझीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रात्र रात्र बसून त्या नोट्स टंकल्या होत्या. आदल्या वर्षीचा पूर अजून अंगावर होता, म्हणून ते उदाहरण घेतलं. ‘ली’ऐवजी ‘ळ’ पडला आणि राहिला तो राहिलाच.

चुकीचं एवढं काही नाही, होते माणसाची. पण हा मुलगा शिरोळ तालुक्यातलाच आहे. रोज सकाळची एसटी धरून येतो. मी अर्ध्या झोपेत केलेली चूक त्याच्या घराच्या पत्त्याबद्दल होती. ती त्याला दिसली नसेल, हे शक्यच नाही. तरी त्याने ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, आणि मी तिला ‘छान’ म्हणाले.

रात्री दीडपर्यंत झोप नाही. आई आतून दोनदा म्हणाली, दिवा मालव. तिला काय सांगणार.

आज सकाळी पहिला तास माझाच. तो तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी. शिकवताना सारखं त्याच्याकडे लक्ष जात होतं. वहीत उतरवून घेत होता. मी बोलेन ते सगळं. मधे एकदा मी नुसतं ‘असो’ म्हणाले, तेव्हाही त्याचा पेन हलल्यासारखा वाटला. माझ्या मनाचे खेळ असतील.

तास संपल्यावर थांबवलं. पेपर पुढे केला.

“हे वाच.”

वाचलं. मान खाली.

“महामार्ग शिरोळवरून जातो का रे?”

“न्हाई मॅडम. शिरोलीवरनं.”

“तुला माहीत होतं?”

“व्हय की.”

“मग असं का लिहिलंस?”

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “नोट्समधी तसं हुतं न्हवं, मॅडम. परीक्षेला तसंच पायजे असंल म्हटलं.”

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, उद्धटपणा तर नव्हताच. उलट मला वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली घेऊन बोलत होता. मला तेच जास्त लागलं. बारा-पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात काढून हा मुलगा एवढं पक्कं शिकलाय की आपल्याला माहीत असलेलं एक आणि परीक्षेला पाहिजे असतं ते दुसरं. आमच्याकडे येईपर्यंत ते इतकं मुरलेलं असतं, की स्वतःच्या गावाबद्दल चुकीचं लिहितानासुद्धा हात अडखळत नाही. आणि आम्ही? निदान मी तरी त्याला आणखी एक फाईल दिली पाठ करायला.

दुपारभर हेच. मधे ऑफिसमधून फोन येऊन गेला, प्रवेशाचा तक्ता परत पाठवा म्हणून. तीस जागा, अकरा प्रवेश. दरवर्षी हा आकडा भरताना पोटात कालवतं. सर गेल्यापासून कायम नेमणुकीवर मी एकटी. बाकीचे तासिका तत्त्वावर येतात, एसटीचं भाडं स्वतःच्या खिशातून घालतात, मानधन कधी निघेल ते कुणी सांगत नाही, तरी मनापासून शिकवतात. त्यांच्यापुढे तक्रार करायला मला तोंड नाही. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांचे ८८ क्रेडिट, त्यातले चार ऑन जॉब ट्रेनिंगचे. त्या चार क्रेडिटसाठी मी कुणाकुणाच्या दारात उभी राहिले! दैनिकांची कार्यालयं, केबलवाले, आकाशवाणी, एक गूळ व्यापारी ज्याला इन्स्टाग्रामवर माणूस हवा होता. पहिलं वर्ष करून पदविका घेऊन बाहेर पडता येतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या दोघी तशाच गेल्या. एकीचं लग्न ठरलं. दुसरी... जाऊ दे.

लोक विचारतात, म्हणजे पत्रकारितेचाच कोर्स ना? मी नाही म्हणते आणि समजावत बसते. बातमी लिहायला आम्ही शिकवतोच, पण त्याआधी माणसं एकमेकांना काय सांगतात, कुणावर विश्वास ठेवतात, कुठे गप्प बसतात, हे बघायला शिकवतो. हे वाक्य मी इतक्या पालकांना म्हणून दाखवलंय की तोंडपाठ झालंय. आज ते मनात आलं आणि तिथेच अडकून बसले. कुठे गप्प बसतात. माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर.

याच महिन्यात मी रेडिओच्या शेतकी श्रोतेमंडळांवर तास घेतला होता. माझा आवडता तास. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत हा प्रयोग केला. गावातली पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसायची. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग आपसात बोलायचं, आणि पटलं नाही, समजलं नाही ते केंद्राला उलट कळवायचं. पुढच्या कार्यक्रमात त्याला उत्तर मिळायचं. असे वीस कार्यक्रम झाले. मी मुलांना सांगते, यातला रेडिओ विसरलात तरी चालेल, गावाकडून केंद्राकडे उलटं गेलेलं पत्र विसरू नका. हे मी तासभर सांगते. मीच सांगते. त्यांनी मला उलट काही कळवावं अशी फट मी कधी ठेवली होती का, हे आठवून बघतेय. तास संपताना ‘काही शंका?’ म्हणते खरी, पण तोवर माझ्या हातात डस्टर असतं आणि निम्मी पोरं बॅग भरत असतात.

आणि बाबासाहेबांचा ‘मूकनायक’सुद्धा शिकवते की. ३१ जानेवारी १९२०, शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये, त्याच मार्चमधली माणगावची परिषद, आणि अंकाच्या माथ्यावर तुकोबांचं ‘काय करूं आतां धरूनिया भीड’. फळ्यावर लिहिते. त्यानेही उतरवून घेतलं असेल, भीड या शब्दाखाली रेघ मारून.

भीडच ती. दुसरं काही नाही. पण एकट्या त्याचीच म्हणता येत नाही. सकाळी त्याला पुढचा प्रश्न विचारायला मला केवढी भीड वाटली. तो जायला वळला तेव्हा कुठे तोंडातून निघालं.

“पुरात तू कुठं होतास रे?”

“घरातच की. धावीला हुतो.”

म्हणजे पुढच्या मार्चमध्ये ज्यांचा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला, त्या तुकडीतला.

मग दारातच उभा राहून, एका खांद्यावर बॅग, त्याने सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नसतील. मोबाईलवर मेसेज फिरत होता, पाणी उतरायला लागलंय, घाबरू नका. चांगल्या चांगल्या माणसांनी पाठवलेला. पण नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार होऊन गेलेलं, म्हणजे नदी दत्ताच्या देवळात शिरून गेलेली, आणि त्याच्या आज्जाने गोठ्याच्या कडेला काठी रोवलेली. दर तासाला आज्जा बॅटरी मारून बघायचा. “काठीवर दोन बोटं चढलं की म्हनायचा, ह्यो मेसेज खोटा हाय.” पहाटे आज्जाने कुणालाही न विचारता म्हशींची दावी सोडली आणि सगळी जनावरं हाकत उंचावरच्या शाळेत नेली. शेजारच्यांनी मेसेजवर भरवसा ठेवला. त्यांची दोन म्हसरं दावणीलाच... एवढं बोलून थांबला. म्हणाला, “एसटी हाय मॅडम, जाऊ का?”

गेला.

मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. कोण सांगतो, काय सांगतो, कशातून, कोणाला, परिणाम काय. पाचही प्रश्नांची उत्तरं एका गोठ्यात होती, आणि सहावं एक होतं जे माझ्या नोट्समध्ये कुठेच नाही: सांगणारं कुणी नसताना, नुसत्या पाण्याकडे बघून माणूस कसं ओळखतो. मी वर्गात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, कितवा उघडला, किती क्युसेक सुटलं. शहरात राहून मला पूर असाच कळतो, फोनवर, फुटा-इंचांत. त्यांच्याकडे वाडीच्या देवळातलं पाणी आहे. पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की आम्ही त्याला सोहळा म्हणतो, दर्शनाला जातो. काठाच्या गावाला त्यातून आणखीही काही कळत असतं. आणि बोटांनी मोजलेली काठी आहे. यातलं काहीही त्या उत्तरपत्रिकेत नव्हतं. त्या जागी होतं माझं पान सहा.

संध्याकाळी घरी येताना कळंब्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले. पंधरा मिनिटं गाडी हलली नाही. तिथे बसून खूप रडू आलं, खरं सांगते. अकरा वर्षं. स्वतःचं लिखाण बाजूला ठेवलं, पुण्याला जायची संधी सोडली, घरातलं बरंच काही... कशासाठी, तर पोरांनी माझ्या टंकनाच्या चुका पाठ कराव्यात म्हणून? सहा बॅचेस ती फाईल वाचून गेल्या. त्यात शिरोळची, जयसिंगपूरची, कुरुंदवाडची किती मुलं असतील. एकानेही सांगितलं नाही. सहा वर्षं सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं.

ट्रॉली हलली तशी मागच्या टेंपोवाल्याने हॉर्न मारला. पुढे निघाले. हवेत मळीचा वास होता. माहीत नाही का, पण तिथून पुढे जरा हलकं वाटायला लागलं. त्याने सांगितलं तर खरं. दारात उभं राहून, एसटी चुकेल या घाईत का होईना, सांगितलं. मी सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं आणि त्याने पहिल्याच वेळी सांगितलं. इतकंही पुष्कळ आहे. त्याला मी विचारलं, पुढे संशोधन प्रकल्पाला हाच विषय घेशील का, तर म्हणाला जाहिरात घेणार आहे, नोकरीला बरं पडतं. बरोबर आहे त्याचं. घरी दोन एकर आणि धाकटी बहीण शिकतेय. मी कुठल्या तोंडाने त्याला पुरावर लिही म्हणणार? कोर्स माझा असला तरी आयुष्य त्याचं आहे. पण पुढच्या चाचणीचा प्रश्न बदलते. लासवेल राहू दे तिथेच. प्रश्न एवढाच: तुमच्या घरी संकटाची बातमी पहिल्यांदा कुणी आणली, आणि तुम्ही ती खरी का मानली. नोट्सची गरज नाही. तपासायला अवघड जाईल. अकराच तर आहेत. इतके दिवस या आकड्याची लाज वाटायची. तीस असते तर दारात कुणाला थांबवलं असतं मी?

फाईलमध्ये ‘शिरोली’ केलं. त्याचे आठ गुण तसेच ठेवलेत. चूक माझी, गुण कशाला कापू. ‘छान’ मात्र खोडलं आणि खाली लिहिलं, ‘काठीचं लिहायचं राहिलं.’

नऊ वाजता त्याचा मेसेज आला. पहिलाच. अक्षर एक नाही, नुसता आवाज, चार मिनिटांचा. आज्जाचा. मागे म्हैस हंबरतेय, कुठेतरी मोटर चालू आहे, निम्मे शब्द कळत नाहीत. सुरुवातीला नातवाला विचारतो, “हे कुनाला पाठवायचं म्हनलास?” तो सांगतो, “आमच्या मॅडमस्नी.” मग आज्जा घसा साफ करतो आणि २००५ च्या पुरापासून सुरू करतो.

दोनदा ऐकला. उद्या वर्गात लावला तर चालेल का, हे आधी त्याला विचारायला हवं. आणि आज्जालाही.