आमची वाटचाल : राजारामपुरी ते बीच नंबर सात

पोरगी मागं लागली होती, बाबा आमची वाटचाल म्हणून दोनशे शब्द लिहून द्या. दोनशे शब्दात मी अजून चेन्नईलाच पोचत नाही. त्यामुळं जसं आठवलं तसं लिहिलंय, कापायचं असेल तर तिनं कापावं, फक्त २०१६ ला हात लावायचा नाही.

आपला धंदा अंदमानच्या सहलींचा. केरळ करा, काश्मीर करा, दुबई करा असं सांगणारे लई भेटले, पण आपण एकच काम करतो, कोल्हापुरातनं माणसं उचलायची, हॅवलॉक आणि नीलला न्यायची आणि जेवढी नेली तेवढी मोजून परत आणायची. (डिसेंबर २०१८ ला सरकारनं नावं बदलली, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं पण २०२४ ला श्री विजयपुरम झालं. कागदावर आम्ही नवीनच लिहितो, तोंडात मात्र अजून जुनंच येतं.)

पहिल्यांदा गेलो २००७ ला, एकटाच, जहाजानं. त्याआधी स्टँडसमोर ट्रॅव्हल्सच्या तिकिटांचं काउंटर होतं माझं, पुणे-मुंबई-बेंगलोर. चेन्नईहून तीन दिवस, बंक क्लास, त्यातले दोन दिवस मी नुसता ओकत होतो आणि तिसऱ्या दिवशी डेकवर आलो तर पाण्यातनं मासे उडत होते, चिमण्यांचा थवा उडावा तसे. पुढं हॅवलॉकला उतरलो तर रिक्षावाला विचारतोय कुठं जायचं, तीन नंबर, पाच नंबर का सात नंबर? तिथं किनाऱ्यांना नंबर आहेत. मला वाटलं हा राजारामपुरीतच सोडतोय मला. गल्ल्यांना नंबर असलेल्या गावातनं आलेला माणूस मी, तिथंच ठरवलं की आपलं जमणार इथं.

सात नंबर म्हणजे राधानगर. 'टाइम' मासिकानं २००४ ला आशियातला सगळ्यात भारी बीच म्हणून ज्याचं नाव घेतलं तो. आणि याच नावावरनं आमचे अण्णा आम्हाला मिळाले.

अण्णांची मार्केट यार्डात गुळाची अडत. २००९ ला माझं पत्रक हातात घेऊन आले, राधानगर एवढंच वाचलेलं, म्हणाले, "काय ओ, राधानगरीला जायला इमान कशाला पायजे, एसटी जाती की." मी समजावून सांगितलं. ऐकून घेतलं, चहा पिला आणि बायको, भाऊ, भावजय धरून चार सीटचे पैसे रोख टाकून गेले. तेव्हापासून आजपर्यंत नऊ वेळा आलेत. नऊ वेळा! लोक म्हणतात एकाच जागी नऊ वेळा काय बघायचं. अण्णा म्हणतात, रंकाळ्यावर रोज जातासा तवा इचारता का कुणी.

आता मास्कबद्दल लिहितो कारण यात आमचा हात कुणी धरू शकत नाही. स्नॉर्कलिंगचा (म्हणजे पाण्यावर तरंगत तोंड खाली घालून मासे बघायचे, त्याचा) मास्क तोंडावर घट्ट बसला तरच पाणी आत येत नाही, आणि तो बसत नाही कशामुळं तर मिशीमुळं. बाकी गावांचं मला माहीत नाही पण कोल्हापूरचा ग्रुप म्हणजे दहातले सहा गडी मिशीवाले, त्यातही अण्णांची मिशी म्हणजे विषयच नाही. पहिल्या वर्षी एलिफंट बीचवर बोटवाल्यानं दिलेला मास्क घालून अण्णा पाण्यात गेले आणि दोन मिनिटांत नाकातोंडात खारं पाणी घेऊन बाहेर. मिशी काढा म्हणायची माझी टाप नव्हती. मग मी सिलिकॉनच्या कडेचे मास्क जमवायला लागलो, चेन्नईतनं चार, मुंबईतनं तीन, असे करत बारा झाले, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला वेगळी पिशवी. नाकाखाली मिशीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा, केस आत अडकू द्यायचे नाहीत, पट्टा लई आवळायचा नाही (आवळला की उलट जास्त गळतो, हे कुणाला खरंच वाटत नाही), आणि काचेला आतनं बेबी शाम्पू लावून विसळायचं म्हणजे धुकं धरत नाही. अण्णांचा चार नंबर. त्या चार नंबरातनं त्यांनी पहिल्यांदा पोपटमासा बघितला, प्रवाळ कुरतडत होता तो, पाण्याखाली कुरकुर आवाज ऐकू येतो तसा, आणि वर येऊन म्हणाले, "ऊस खाल्ल्यागत खातंय ओ ते."

आणि भरती-ओहोटीचा तक्ता. हे आमचं दुसरं हत्यार, पण ते आधी माझ्यावरच उलटलं. माझी आजी मालवणकडची, तिनं शिकवलेलं, तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे सहा वाजता, झालं. आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब बऱ्यापैकी बसतो. मी तोच नीलला लावला, बावीस माणसं घेऊन लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावर नॅचरल ब्रिज, म्हणजे खडकाची आपोआप झालेली कमान, दाखवायला गेलो, तर सगळीकडं पाणीच पाणी. ब्रिजपर्यंत जायची वाट खडकांवरनं आहे आणि ती ओहोटीलाच उघडी पडते. पाणी असताना गेलं तर लांबनं कमान बघायची आणि परत फिरायचं. खरी मजा खालच्या डबक्यांत असते, त्यात समुद्रकाकडी, खेकडे, छोटे रंगीत मासे अडकून बसलेले. तिथले बंगाली लोक त्या कमानीला हावडा ब्रिज म्हणतात. त्या दिवशी कळलं की समुद्र बदलला की गणित बदलतं, तेव्हापासून पोर्ट ब्लेअरचा छापील तक्ता माझ्या वरच्या खिशात असतो आणि सगळी सहल त्यावर बसवतो, हॉटेलच्या सोयीवर नाही.

अमावस्येचं पण सांगतो. आपल्याकडं अमावस्येला घराबाहेर पडायला लोक मागंपुढं बघतात, मी मुद्दाम अमावस्येच्या आसपासच्या तारखा काढतो. एक तर उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीपण मोठी, खडक लांबपर्यंत उघडे. आणि दुसरं, काळोख असला की रात्री कायाकमधनं (वल्ह्याची छोटी होडी) जाताना वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं, पाण्यातले बारके जीव हललं की उजेड देतात. चांदण्या रात्री ते धड दिसत नाही. एका काकूंनी आधी मला फोनवर झापलं होतं की अमावस्येला कसलं निघायचं, त्याच काकू कायाकमध्ये हात बुडवून बसल्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या.

२०१० ते २०१६ चांगलं चाललं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आता २०१६. नोटाबंदी होऊन महिनापण झाला नव्हता. डिसेंबरचा पहिला आठवडा, हॅवलॉकला आम्ही चौतीस जण. पाऊस सुरू झाला तो थांबेचना, वारं असं की माड जमिनीला टेकायचे बाकी, फेऱ्या बंद, बोटी बंद, लाईट नाही, एटीएममध्ये पैसे नाहीत आणि फोन म्हणजे माझा जुना बीएसएनएलचा डबडा, तोही जेट्टीजवळ एका ठराविक दगडावर उभं राहिलं तर लागायचा. पेपरात चौदाशे पर्यटक अडकले म्हणून आलं, त्या चौदाशेतले चौतीस आमचे. इकडं कोल्हापुरात घरोघरी रडारड.

अण्णांनी काय करावं? त्यांच्या बॅगेत कायम दोन ढेपी गूळ असतो, वाटायला. रोज सकाळी चौतीस जणांना गूळ-शेंगदाणे. आमच्या रिसॉर्टचा आचारी बंगाली, त्यानं त्याच्याकडचा खजुराचा गूळ काढला, नोलेन गूर म्हणतात ते, आणि दोघांची जुंपली. ह्याला हिंदी येत नाही, त्याला मराठी येत नाही, मेणबत्तीच्या उजेडात दोघं एकमेकाचा गूळ चाखतायत आणि माना हलवतायत, नाही नाही, असं. सगळा ग्रुप भोवती बसून हसत होता, बाहेर काय चाललंय ते विसरून. शेवटी नौदलाची जहाजं आली आणि सगळ्यांना काढलं. तेच वादळ पुढं वरदा झालं आणि १२ डिसेंबरला चेन्नईवर आदळलं. आम्ही कलकत्त्यावरनं फिरून आलो म्हणून वाचलो, नाहीतर चेन्नईत परत अडकलो असतो.

विमानाची जुनी तिकिटं बुडाली, नवीन काढली त्या दिवसाच्या भावानं. जादा दिवसांचं राहणं-खाणं मी गिऱ्हाइकाकडनं घेतलं नाही, एक रुपया नाही. साडेसहा लाखांचा खड्डा. बुलेट विकली, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, तिनं स्वतः काढून दिल्या आणि त्यावर आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही, ते जास्त लागतं.

पण खरा घाव तो नाही. आमच्या ऑफिसात एक पोरगं होतं, एकोणीस वर्षांचं असताना आलेलं, नाव घेत नाही. मी त्याला व्हाउचर कसं लिहायचं, रूमिंग लिस्ट कशी लावायची, म्हातारी माणसं जिन्याच्या खोलीत टाकायची नाहीत, सगळं शिकवलं. वादळात ऑफिसचा फोन त्याच्याकडं होता. मी तिकडं दगडावर उभा राहून ओरडतोय आणि इकडं ह्यानं निवांत बसून माझ्या गिऱ्हाइकांच्या वहीचे फोटो काढले. जानेवारीत त्याच गल्लीत, चार दुकानं सोडून ह्याचं ऑफिस. वर लोकांना सांगणं काय, तिकडं गेलासा तर अडकतासा. अकरा जणांनी माझ्याकडं नील चुकलं म्हणून पैसे परत मागितले, त्यातले सात नंतर त्याच्याकडनं गेले.

त्याचं पत्रक आलं ते बघून मी आधी हसलो. माझ्या पत्रकात टायपिंगची चूक होती, नॅचरल ब्रिजच्या जागी नॅचरल ब्रीज छापलेलं. ह्याच्यात पण नॅचरल ब्रीज! भावा, नुसता वारा खायला नेणार काय लोकांना? आणि चार रात्रीत सतरा पॉइंट. त्या सतरात जेट्टी एक पॉइंट आणि फेरीचा प्रवास एक पॉइंट. सकाळी स्कूबा आणि लगेच संध्याकाळचं विमान, हे धोक्याचं आहे, स्कूबानंतर किमान अठरा तास तरी विमानात बसायचं नसतं, माझ्याकडं स्कूबा कायम सुरुवातीच्या दिवसात. दमा, हार्ट, बीपी असेल तर तिथल्या फॉर्मवर खरं लिहा, पैसे भरलेत म्हणून लपवू नका, पाणी काय तुमची पावती बघत नाही.

चार गोष्टी सांगून ठेवतो, आमच्याबरोबर या नाहीतर कुणाबरोबरही जा. फेरीच्या आधी मिसळ नाही. गोळी अर्धा तास आधी, ओकायला लागल्यावर नाही. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, घड्याळ आपलंच पण बेट पूर्वेला एवढं लांब की आपल्यापेक्षा तासभर आधी अंधार, त्यामुळं दुपारी दोन तास झोपलात तर दिवस गेला. प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, देव्हाऱ्यासाठी म्हणून उचलायचा नाही, विमानतळावर बॅगेत सापडतो आणि सगळ्यांदेखत काढून घेतात. आणि नीलला एक अख्खा दिवस रिकामा सोडा. बेट सपाट आहे, भाड्यानं सायकल घ्या, पहाटे सीतापूरला सूर्योदय, मग भरतपूरला पाण्यात, दुपारी कुठल्यातरी घरगुती खानावळीत माशाची थाळी, नुसते फिरा. वाटेत भाजीचे मळे लागतात, आमची शेतकरी मंडळी तिथंच अर्धा तास थांबतात. त्या दिवशी मी पत्रकात काहीच लिहीत नाही, रिकामी ओळ. त्या पोरानं सगळं चोरलं पण ती रिकामी ओळ त्याला कळली नाही, त्यात त्यानं तीन पॉइंट घातले.

कोविडमध्ये काय झालं ते सगळ्यांचं झालं, त्यावर लिहीत नाही. पाटल्या २०१९ ला सोडवल्या होत्या एवढं मात्र लिहायचं राहायला नको.

गेल्या फेब्रुवारीत नीलला होतो. अण्णा आता सत्तरीच्या पुढं, पाण्यात कमी जातात, खुर्ची टाकून बसतात, पण चार नंबर बरोबर असतोच. आम्ही ओहोटीची वाट बघत लक्ष्मणपूरला वरच्या टपरीवर नारळपाणी पीत बसलो होतो आणि खालनं एक ग्रुप वर येताना दिसला, वैतागलेला, चपला ओल्या. पुढं तोच. केस पिकायला लागलेत त्याचे. भरतीच्या पाण्यात आणलं होतं त्यानं सगळ्यांना आणि ब्रिज लांबनंच दाखवून परत फिरवत होता, दोन बायका त्याला सुनावत होत्या. त्यानं मला बघितलं. मी बघितलं नाही असं केलं, तक्ता माझ्या खिशात होता.

अण्णा उठले. हळूहळू त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, "साडेतीनला आण रं त्यास्नी. तवर च्या पाज."

साडेतीनला तो ग्रुप परत आला. आमच्याच शेजारी, त्याच डबक्यांत वाकून बघत होते सगळे. मी अण्णांशी कोल्हापूर येईपर्यंत बोललो नाही, आणि आजपण विचाराल तर सांगायला नको होतं असंच म्हणेन.